आखाड्यातली आत्याबाई

प्रिय घुम्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, हे लपवत नाही. पण 'श्रीयुत' लिहून सुरुवात करावी इतकी मी परकी झालेली नाही, आणि नुसतं 'घुम्या' लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं की ही भांडायलाच बसली आहे. भांडणारही आहे, पण त्याला वेळ आहे. फोन तू उचलत नाहीस. दारात येऊन उभी राहिले तर मागच्या जिन्याने उतरून जाशील, एवढं तुला ओळखते. पत्राचं तसं नसतं. माणूस रागारागाने फाडतो, पण फाडायच्या आधी एकदा वाचतोच. तेवढं कर.

काल तुमच्या बागेतले मुकादम घरी येऊन गेले. तुझ्याबद्दल काही सांगून गेले. काय, ते शेवटी लिहीन. ते आधी लिहिलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि बाकीचं वाचल्याशिवाय ते तुझ्या डोक्यात शिरणार नाही. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, एवढंच आत्ता सांगते.

घरचं म्हणशील तर आई बरी आहे म्हणायची. गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. दादाचे गमबूट अजून गॅलरीत आहेत. अधूनमधून ती ते धुते, उन्हात ठेवते, पुन्हा जागच्या जागी लावते. मी काही बोलत नाही. एकदा शेजारच्या काकूंनी ते कुणा गरजूला द्यायचं सुचवलं, तेव्हापासून काकूंकडची साखरेची वाटी बंद झाली. माझी लॅब आहे तशीच आहे. रोज प्लास्टरचे नवे जबडे येतात, मी त्यांना दात बसवते, चावा नीट बसतो की नाही ते तपासते आणि डब्यात भरून डॉक्टरांकडे पाठवते. तू एकदा म्हणाला होतास, एवढ्या अनोळखी लोकांचं हसू तुझ्या हातून जातं आणि तू स्वतः मात्र फणकारलेली. तेव्हा एकदाच तू सलग एवढं लांब वाक्य बोलला होतास, म्हणून लक्षात राहिलं.

आता मुद्द्यावर येते. दादाचा कॉम्प्युटरवरचा तो खेळ आठवतो ना, बुटके आणि राक्षस आणि खाणी असलेला? तुला सांगायला नको, पण मला सगळं क्रमाने मांडायचंय, म्हणून वाच. तो खेळ खरा खेळायचा तर राज्य उभारायचं, कोठारं भरायची, भिंती बांधायच्या, त्यात महिने जातात. दादाला एवढा धीर कुठला? तो सुरुवातीच्या पानावरून तडक आखाड्यात जायचा. आखाड्यात राज्य नाही, गोष्ट नाही, हार-जीतही नाही. नुसतं रिकामं मैदान. हवा तो प्राणी उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, हातात हवं ते हत्यार द्यायचं, कोण कुणाच्या बाजूचा ते ठरवायचं आणि सोडून द्यायचं. कुणाचं काय होतं ते बघायचं, मग सगळं पुसून पुन्हा मांडायचं. लढाया नीट चालतात की नाही हे तपासायलाच तो भाग केलेला आहे. तिथे कुणी मरत नाही गं, फक्त तपासून बघायचं, असं दादा आईला समजवायचा, कारण पडद्यावर उडणारं रक्त बघून आई तिथून उठून जायची.

रविवारी दुपारी आपण तिघं त्या खोलीत. दादा खुर्चीवर, मी पलंगावर, तू दाराच्या चौकटीला टेकून, कारण तुझे पाय कुठे मावतच नसत. एका राक्षसाला किती कोंबड्या भारी पडतील, यावर आपण पैजा लावायचो. तू दर वेळी कोंबड्यांच्या बाजूने. कोंबड्या दर वेळी मरायच्या आणि दर वेळी तू म्हणायचास, पुढच्या वेळी. एकदा खरंच एका कोंबडीने राक्षसाचा डोळा फोडला, तेव्हा दादाने तुला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कामावर, प्राण्यांच्या बागेत, आत्याबाईचं आवार तू एकट्याने झाडलंस. अस्वलाला आत्याबाई म्हणायचं डोकं दादाचंच. पहिला घास तिला मिळाला नाही की ती पाठ फिरवून बसायची, आमच्या थोरल्या आत्यासारखी. त्या आत्याबाईचं आता नाव घेतलं तरी आईच्या हातातलं भांडं निसटतं.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी ओरडले, तू ऐकून घेतलंस, ते बोलणं नव्हे. चौकशी समितीने जे लिहिलं ते मला पाठ आहे. आत्याबाईला खाणं दाखवून आतल्या खोलीत घेतलं होतं. बोळातल्या माणसाने, म्हणजे तू, दांडा ओढून मधली लोखंडी झडप खाली सोडली. झडप खाली बसली की बोळातल्याने आकडा लागलाय ते डोळ्यांनी बघायचं आणि 'बसली' अशी हाक द्यायची. ती हाक ऐकल्यावरच आवारात झाडणाऱ्याने आत पाऊल टाकायचं. त्या दिवशी झडपेखाली लाकडाचा तुकडा अडकला होता, तिनेच कुरतडून ओढत आणलेला. झडप आदळली, पण बसली नाही. समितीपुढे तू सांगितलंस की न बघता हाक दिली. दादा आत गेला. आत्याबाईने झडप नाकाने उचलली. आणि तू आवाराचं जाळीचं दार लावून घेतलंस, दादा आत असताना. बोळाचं पुढचं दार घाण वाहायच्या गाडीसाठी उघडं होतं आणि त्यापलीकडे वाटेवर शाळेची मुलं रांगेत उभी होती. बागेचा नियमच आहे, जनावर सुटलं की आधी दार, मग माणूस.

त्या मुलांपैकी एकालाही ओरखडा आला नाही. न बघता हाक दिली म्हणून तुझी पगारवाढ थांबवली, आणि दार लावलं म्हणून बागेच्या सभागृहात तुझा सत्कार केला. दोन्ही एकाच महिन्यात. सत्काराला मी मागच्या रांगेत बसले होते, ते तुला माहीत नसेल. तू प्रशस्तिपत्र उलटं धरून उभा होतास. त्याच संध्याकाळी मी तुला सांगितलं की आपलं लग्न होणार नाही, आणि नियमाच्या आड लपू नकोस, तू पळालास. तू एक अक्षर बोलला नाहीस. तेव्हा मला ते कबूल केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी दादाचा कॉम्प्युटर सुरू केला. कशाला, ते स्पष्टच लिहिते. मला सिद्ध करायचं होतं की तू दार उघडं ठेवलं असतंस, आत धावला असतास, तर दादा वाचला असता. मला ते पडद्यावर बघायचं होतं आणि तुला दाखवायचं होतं. एवढा राग होता मनात. लॅबमधून आले की जेवणापर्यंत मी तिथेच बसायचे. आईला वाटायचं मी हिशोबाचं काम घरी आणलंय. ती दार हळूच लोटून घ्यायची, पोरगी कामात मन रमवते आहे म्हणून तिला बरं वाटायचं.

आधी मी आखाड्यात भिंती घातल्या. आतली खोली, झडप, आवार, बोळ, जाळीचं दार, पुढचं दार. मापं मला ठाऊक होती, इतक्या वेळा डबा घेऊन आले आहे तिथे. मग खोलीत अस्वल ठेवलं. आवारात एक माणूस, बोळात एक माणूस. खेळ त्यांना नाव देत नाही, पहिला माणूस आणि दुसरा माणूस, एवढंच. दादाच्या हातात खराटा द्यायचा होता. त्या खेळात तलवारी आहेत, कुऱ्हाडी आहेत, सोन्याचे हातोडे आहेत, खराटा नाही. शेवटी लाकडी सोटा दिला. अंगात काय काय कौशल्य आहे तेही ठरवायचं असतं. ढाल धरणं, वार चुकवणं, कुस्ती. सगळ्यांपुढे काहीच नाही असं लिहिलं. अस्वलाशी तासन्‌तास गप्पा मारण्याचं कौशल्य त्या यादीत नव्हतं, नाहीतर ते मी पूर्ण भरलं असतं.

पहिल्याच खेपेला मी घोळ घातला. कोण कुणाच्या बाजूचा हे सांगायला विसरले. बाजू दिली नाही की त्या खेळात प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी धरला जातो. मी सोडलं मात्र, अस्वल खोलीतच बसून राहिलं, आणि पहिला माणूस नि दुसरा माणूस धावत येऊन एकमेकांवर तुटून पडले. तू दादाला बुक्क्यांनी मारत होतास, दादा तुला सोट्याने. मला आधी हसू फुटलं, जोरात, आणि मग ते हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. आई बाहेरून विचारत होती काय झालं म्हणून. मी म्हटलं काही नाही, चुकीचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून नीट मांडलं. दोघं एका बाजूचे, अस्वल विरुद्ध, दार उघडं, तू आत धावतोस. किती वेळा मांडलं ते मोजलं नाही. प्रत्येक लढाईनंतर खेळ घडलेलं ओळीओळीने लिहून दाखवतो. अस्वलाने पहिल्या माणसाच्या डाव्या दंडाला चावा घेतला. कातडी फाटली. स्नायू फाटला. चावा घट्ट बसला, अस्वलाने मान झटकली. घुम्या, चावा बसणं हे माझं रोजचं काम आहे. ज्या दिवशी ती ओळ पहिल्यांदा वाचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मला वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघवेना. लॅबच्या बाईंना सांगितलं डोकं दुखतंय, आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

आता निकाल ऐक. खोटं लिहिणार नाही, कारण खोट्याने तुझं समाधान व्हायचं नाही, तुला ते पहिल्या ओळीत कळेल. बहुतेक वेळा तुम्ही दोघंही मेलात. तू आधी, दादा नंतर, किंवा उलट. कधी दादा एकटा मेला आणि तू हात गमावून राहिलास. आणि काही वेळा, थोड्या वेळा, दादा वाचला. फरफटत, रक्ताने माखून, पण वाचला. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. हेच तर मला हवं होतं. पण पडद्यावर बघते तर आवारात अस्वल नव्हतं. ते बोळात होतं, उघड्या पुढच्या दारापाशी. त्यापलीकडे मी काहीच ठेवलं नव्हतं. तिथे रिकामी वाट होती. मुलं ठेवायला माझा हात झाला नव्हता. ज्या ज्या वेळी दादा वाचला, त्या त्या वेळी अस्वल त्या वाटेच्या तोंडाशी होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मुळात दादा आत गेलाच का, तू खोटी हाक दिलीस म्हणून ना? दारावरून तू सुटशील, हाकेवरून कसा सुटशील? म्हणून मी मागे गेले, आणि झडपेपासून एकेक पाऊल मांडायला लागले. दुसरा माणूस दांडा ओढतो. झडप आदळते. आता त्याला आकडा बघायला बोळाच्या टोकापर्यंत चालत जायचंय. तो चालतोय. आणि पहिला माणूस? पहिल्या माणसाला मी थांबवून ठेवलं होतं, हाकेची वाट बघत. तिथे माझा हात थांबला. दादा आणि थांबेल? मला आपल्या जेवणाच्या टेबलावरचा तमाशा आठवला. तुझी हाक आवारात पोचतच नाही म्हणून दादा तुझी नक्कल करायचा, ओठ न हलवता पुटपुटल्यासारखं 'बसली', आणि मग स्वतःच्या आवाजात सांगायचा, याची हाक यायची वाट बघितली तर आत्याबाईचं श्राद्ध करून परत येईन मी, म्हणून झडप आदळली की मीच ओरडतो, बसली, आणि लागतो कामाला. सगळे हसलो होतो आपण. आई सुद्धा. तू पण हसला होतास.

म्हणजे त्या दिवशीही हाक दादानेच दिली असणार. झडपेचा आवाज ऐकला, सवयीने ओरडला आणि आत शिरला. तू अजून बोळात चालत होतास. आणि समितीपुढे तू सांगितलंस की हाक मी दिली, न बघता. कारण नियम दादाने मोडला असं लिहिलं गेलं असतं तर त्याच्या नावावर तो डाग कायमचा राहिला असता आणि आईला ते वाचावं लागलं असतं. खरं ना हे? खरं आहे, मला माहीत आहे, तू नाही म्हणालास तरी. आणि मी तुझ्या तोंडावर तुला खोटारडा म्हणाले तेव्हाही तू तसाच उभा राहिलास. मला तुझा फार राग आला ते कळल्यावर. कुणी सांगितलं होतं तुला? आमच्या घरचा भार परस्पर उचलायला तू कोण लागून गेलास? निदान मला तरी सांगायचंस. पण तू सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर मला आवडलं नाही.

मग दारच उरलं. आखाड्यात एक सोय आहे, दादा ती क्वचित वापरायचा. मैदानातल्या एका जिवाच्या अंगात आपण शिरू शकतो. मग त्याला आपण चालवायचं आणि जग आपल्यासाठी थांबतं. आपण एक पाऊल टाकलं की बाकीचे एक पाऊल टाकतात. आपण नुसते बसलो तर सगळे गोठून उभे. दादाच्या अंगात मी बऱ्याचदा शिरले होते. मागच्या रविवारी दुपारी, आई झोपली होती, मी तुझ्या अंगात शिरले. आणि त्या वेळी वाटेवर मुलं ठेवली. त्या खेळात मुलंही मिळतात. रांगेत उभी केली.

झडप उचलली गेली. अस्वल आवारात आलं. एका ओळीत पहिला माणूस खाली पडला. मी, म्हणजे तू, जाळीच्या दारात उभी होते. अस्वलाने तोंड वर केलं होतं. आणि जग थांबलं होतं, मी बटण दाबेपर्यंत. मी उठले, चहा केला, गॅलरीत उभी राहून प्यायले. परत आले तर सगळे तसेच. दादा तिथे, अस्वल तिथे, मुलं तिथे. मला हवा तेवढा वेळ होता, तुला एका श्वासाचाही नव्हता. मी सगळं डोक्यात फिरवलं. आत धावले तर काय होतं ते मी इतक्या दिवसांत बघितलं होतं. दार उघडं ठेवून ओरडले तर काय होतं तेही बघितलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तरी मी बसले होते. आणि मग मी दार लावलं. घाबरून नाही, बोट घसरून नाही. चांगला विचार करून, दादाची सख्खी बहीण मी, दादा आत असताना दार लावलं.

खेळ तिथे संपत नाही. पुढचं घडायला मला बटण दाबावंच लागतं. एक ओळ, एक बटण. कॉम्प्युटर बंद करता आला असता. पण मुकादमांनी तेव्हाच सांगितलं होतं की भुलीची बंदूक घेऊन डॉक्टर येईपर्यंत तू तिथून हललाच नाहीस, जाळीत बोटं अडकवून उभा होतास, आणि ती सोडवायला दोन माणसं लागली. तेव्हा मी म्हटलं होतं, उभं राहायला काय लागतं? आता ओळी संपेपर्यंत मी खुर्चीवर बसून राहिले. काय लागतं ते मला कळलं. तुझ्याकडे तर बटणही नव्हतं. दादा काही बोलला का तुझ्याशी, हे मी तुला आजवर विचारत आले. यापुढे विचारणार नाही. सांगावंसं वाटलं कधी तर सांग.

खेळाने तुला निर्दोष ठरवलं असं मी म्हणत नाही. त्यातलं अस्वल आत्याबाई नाही, आणि भिंती मीच घातलेल्या. माफी मागायलाही हे लिहीत नाही; तुझ्यावर ओरडले ते दुःखाने ओरडले, त्याची लाज मला वाटत नाही. पण तू पळालास हे मी म्हणाले होते, ते खरं नव्हतं. आईला मी सगळं सांगितलं, हाकेचंही. ती भाजी निवडत होती. बराच वेळ देठ मोडत राहिली. मग म्हणाली, माझंच पोरगं ते, कधी कुणाची वाट बघितली त्याने? जन्मालाही घाईनेच आला. मग म्हणाली, घुम्याही आत गेला असता तर मी दोघांना रडले असते. त्याचं तोंड बघवेल का मला, ते त्याला समोर बघितल्याशिवाय कसं सांगू, असंही म्हणाली. हे तुला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही, ती म्हणाली तसंच लिहिलंय.

आता मुकादमांचं. कॉम्प्युटरचं सगळं मी रविवारीच मनात मिटवून ठेवलं होतं, तुला कळवायचं की नाही तेही ठरलं नव्हतं. काल ते आले, चपला दारातच काढून उभे राहिले, आत बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, त्या आवाराचं काम कुणी घेईना तर याने मागून घेतलं. म्हणाले, जोडीदार दिला तर त्याला काहीतरी निमित्त काढून पिटाळतो. दांडा स्वतः ओढतो, आकडा बघत नाही, आणि आत जाऊन झडपेकडे पाठ करून बसतो. झाडत नाही, नुसता बसतो. दोनदा त्यांनी स्वतः जाऊन न लागलेला आकडा लावला आणि तुला हाताला धरून बाहेर काढलं, तर तू त्यांच्याकडे असं बघितलंस की ते घाबरले. वर तक्रार केली तर तुझी नोकरी जाईल आणि मग तू कुठे काय करशील ते दिसणारही नाही, म्हणून गप्प राहिले, आणि शेवटी माझ्याकडे आले. म्हणाले, ऐकलं तर तुझंच ऐकेल. घुम्या, ऐक माझं. उद्यापासून त्या आवारात पाऊल टाकू नकोस. मुकादम तुला हरणांकडे घेतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. लाज वाटत असेल तर वाटू दे, झोप येत नसेल तर इकडे ये, आईसमोर बस, ती काय म्हणायचं ते म्हणेल. मला तुझ्यावरचा राग ठेवायचा असेल तर मी ठेवीन, सोडायचा असेल तर सोडीन, ते अजून माझंच मला ठरवायचंय, पण दोन्हीसाठी तू जिवंत पाहिजेस. दादाला मी तिथून बाहेर काढू शकले नाही, कितीही वेळा मांडलं तरी. तू अजून खरा आहेस, श्वास घेतोस. आणखी एक माणूस मी त्या अस्वलाला देणार नाही.

अजून तरी तुझीच